तारीख नसलेल्या तीन नोंदी

त्या दिवशी माझ्याकडे एकच काम होतं आणि ते अर्ध्या दिवसात संपेल, असं मी घरी सांगून निघाले होते. घरी म्हणजे सासूबाईंना. त्यांनी बाळाला कडेवर घेऊन दारातच विचारलं, "अर्धा दिवस म्हणजे तुझा की घड्याळाचा?"

बाळंतपणाच्या रजेवरून परत येऊन मला तीनच आठवडे झाले होते. रजेआधी मी बऱ्यापैकी प्रोग्रामर होते, असं निदान इतर तरी म्हणतात. परतल्यावर एक ओळ लिहायची आणि तीनदा तपासायची, अशी माझी गत झाली होती. झोपलेल्या बाळाच्या नाकापाशी बोट धरायचं, श्वास लागला की खात्रीसाठी दुसरं बोट धरायचं. पाहिल्याशिवाय चैन नाही आणि पाहिल्यावरही नाही. दिवसातून पाच वेळा घरी फोन. सासूबाई मात्र स्वतःहून कधी फोन करायच्या नाहीत. म्हणायच्या, "माझं नाव दिसलं तरी तुझ्या पोटात गोळा येतो. कशाला उगाच?"

मी एका मोठ्या रुग्णालयात नोकरी करते. तिथल्या तळघरात एक जुनं मशीन होतं, मशीन कसलं, कपाटांची रांगच. पंचेचाळीस वर्षांचे सगळे रुग्ण त्यात होते. त्या दिवशी संध्याकाळी साडेचारला ते कायमचं बंद होणार होतं आणि त्याआधी सगळ्या नोंदी नव्या यंत्रणेत जायला हव्या होत्या. प्रत्येक नोंदीत मृत्यूसाठी दोन रकाने होते. तारखेचा रकाना पाच आकडी. पहिले दोन आकडे वर्षाचे, पुढचे तीन त्या वर्षातल्या दिवसाचे. एकतीस डिसेंबर म्हणजे ३६५. वेळेचा रकाना वेगळा. जिवंत माणसाच्या दोन्ही रकान्यांत शून्यं. नव्या यंत्रणेला मात्र एकच सलग टाइमस्टॅम्प हवा होता. वर्षापासून सेकंदापर्यंत सगळं एका माळेत, आणि सेकंदानंतर आणखी सहा आकडे. ते सहा आकडे जुन्या मशीनच्या गावीही नव्हते, म्हणून तिथे माझा प्रोग्राम डोळे मिटून सहा शून्यं टाकायचा.

वर्षाचे आकडे दोनच असल्यामुळे शतक मला ठरवायचं होतं. ते मी आदल्या आठवड्यात बाळाला थोपटता थोपटता ठरवून टाकलं. ०० ते ४९ आलं की दोन हजार, ५० ते ९९ आलं की एकोणीसशे. पन्नासच का, तर मधोमध पडतं म्हणून. त्याहून खोल विचार केला होता असं मी म्हणणार नाही. शिवाय तिथला एक जुना रिवाज होता, ९९३६५ ही तारीख म्हणजे 'कधीच नाही'. नव्या यंत्रणेत तिचं ९९९९ सालातलं एकतीस डिसेंबर व्हायचं. अशी नोंद तीस लाखांत एकच होती. कोणाची तरी चूक असेल, म्हणून मी सोडून दिली.

तळघरात माझ्या सोबतीला फक्त टेपवाले काका असायचे. एकतीस वर्षं त्यांनी त्या मशीनवर टेपा चढवल्या होत्या, आणि मशीनबरोबरच तेही निवृत्त होणार होते. रोज एक वाजता ते झाकणाची वाटी घेऊन वर अकरा नंबरच्या वॉर्डात जायचे. अर्ध्या तासाने परत यायचे तेव्हा वाटी तशीच भरलेली असायची. मी कधी विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला घाई असायची, घरी फोन करायची.

त्या खोलीला खिडकी नव्हती. बोटं आखडतील इतका गारठा, तापलेल्या धुळीचा वास, आणि कपाटांतून सतत एक घरघर. भिंतीतून एक जाड नळी आत यायची. कोणी दगावलं की वॉर्डातून चिठ्ठी एका डबीत घालून त्या नळीत सोडत. हवेच्या दाबाने ती खाली यायची. आधी नळीत कोणीतरी लांब श्वास घेतल्यासारखा आवाज, मग ठप्प. त्या आवाजाची सवय होते, असं काका म्हणायचे. मला झाली नव्हती.

सकाळी दहाला मी प्रोग्राम चालवला. तीस लाख नोंदी गेल्या, तीन अडकल्या. या तिघांच्या मृत्यूची वेळ भरलेली होती आणि तारखेच्या जागी शून्यं. दोन्ही रिकामं असेल तर नवी यंत्रणा घ्यायची, दोन्ही भरलेलं असेल तरी घ्यायची. हे असलं अर्धवट तिला चालत नव्हतं. नोंद काढून टाकायची सोय त्या मशीनमध्ये कोणी ठेवलीच नव्हती. काका तेव्हा वर गेले होते, दुरुस्तीच्या कुठल्याशा अर्जावर आमच्या विभागप्रमुख मॅडमची सही घ्यायला. मी मॅडमना फोन लावला.

"तारीख नसेल तर आजची टाक," त्या म्हणाल्या. "पुढे एक खूण कर. नंतर बघू."

आमच्या धंद्यात हे सगळेच करतात. तारीख सापडत नाही? आजची टाका. एका ओळीचं काम. मी ती ओळ लिहिली, तीनदा तपासली, प्रोग्राम पुन्हा चालवला. रिपोर्ट आला. आजची तारीख दिलेल्या नोंदी: ३. यादी मी बघितली नाही; आकडा जुळला, एवढं बास झालं.

काका परत आले, अर्ज टेबलावर ठेवला आणि रिपोर्ट उचलला. बराच वेळ त्यांनी तो खाली ठेवला नाही.

"ही तारीख कोणी टाकायला सांगितली?"

"मॅडमनी. का हो?"

"रिकामी ठेवायची असते ती, पोरी." ते खुर्चीत टेकले. "आम्ही कधी हात लावत नव्हतो. रिकामी आहे तोवर... चालतं."

मला वाटलं, निवृत्तीचं मनावर घेतलंय. मी म्हटलं, "काका, मेलेल्या माणसांचं काय चालतं नि काय नाही?"

"मेलेली आहेत असं कोण म्हणालं तुला?"

बारा वाजायला दोन मिनिटं असताना नळीने श्वास घेतला. ठप्प. काकांनी डबी उघडली, चिठ्ठी काढली आणि रिपोर्टच्या यादीशेजारी ठेवली. नऊ आकडी नोंदणी क्रमांक. वेळ ११:४२. यादीतली पहिली ओळ, तोच क्रमांक, तीच वेळ. कोणीतरी दाढीला बसलं होतं आणि उठलंच नाही. उचलून इथे आणलं, एवढंच चिठ्ठीत होतं.

"योगायोग," मी म्हटलं. मला स्वतःचा फोन नंबर पाठ नाही, नऊ आकडी क्रमांक सगळे सारखेच दिसतात. घरी फोन केला. बाळ गादीवर लोळत होतं. तिला घरी बटण म्हणतात, नाकामुळे. सासूबाई म्हणाल्या, "बटण जागेवर आहे. तिसरा फोन आजचा. एक पोर मीही वाढवलंय, तुझ्या गळ्यात बांधलंय ते."

दोन वाजून वीस मिनिटांनी दुसरी डबी आली. वेळ १४:०५. दुसरी ओळ.

मग मी तिसरी ओळ वाचली. हळू, एकेक आकडा. वाचता वाचता माझा हात पर्सकडे गेला. बाळ जन्मलं तेव्हा त्याच्या मनगटाला बांधलेली क्रमांकाची पट्टी मी पर्सच्या चेनला बांधून ठेवली आहे. ती याच रुग्णालयात जन्मली. कर्मचाऱ्यांना सवलत असते. मी पट्टी यादीच्या ओळीखाली धरली. पहिला आकडा जुळला. दुसरा जुळला. सातव्यापाशी मला दिसेनासं झालं, पुढचे दोन काकांनी वाचले.

वेळ १६:१०.

"ही वेळ कोण भरतं?" मी विचारलं.

"मी नाही. एकतीस वर्षं मीही हेच विचारतोय."

घरी फोन. बटण झोपली होती. "श्वास बघा," मी म्हटलं. "बोट धरा." पलीकडे पावलं वाजली. मग सासूबाई म्हणाल्या, "अगं, घोरतेय ती. बापावर गेलीये." मी फोन ठेवला. साडेतीन वाजायला आले होते. उठून घरी पळावं असं वाटलं. घरी जाऊन काय, तिच्याकडे बघत बसायचं चार वाजून दहापर्यंत?

"तारीख बदलता येते," काका म्हणाले. "दुरुस्ती करता येते. वेळ बदलत नाही, तो रकाना उघडतच नाही. तारीख मात्र..."

"९९३६५ टाकते." मी की-बोर्ड पुढे ओढला. "कधीच नाही. कधीच नाही टाकते."

त्यांनी माझा हात धरला. एकतीस वर्षांचा गारठा होता त्या हातात. "आधी वर चल," ते म्हणाले. "पाच मिनिटं. मग काय टाकायचं ते टाक."

अकरा नंबरच्या वॉर्डात शेवटची खाट पडद्याआड होती. पडद्याबाहेर फिनेलचा वास, आत त्याच्याखाली दुसराच, बंद डब्यात राहून गेलेल्या फुलांच्या पाण्यासारखा. खाटेवर काहीतरी होतं. मी 'काहीतरी' म्हणते, कारण माणूस म्हणायला जेवढं उरावं लागतं तेवढं उरलं नव्हतं. कातडी कागदासारखी, आणि कागद जसा घडीवर फाटतो तशी कोपरात, मानेपाशी फाटलेली. जखमांना रक्त येत नव्हतं. छाती मात्र वरखाली होत होती. शिस्तीत. डोळे उघडे होते, ते काकांकडे वळले आणि मग माझ्याकडे.

"बायको," काका म्हणाले. "तिच्या नोंदीत वेळ दिसली तेव्हा मीही तुझ्यासारखाच घाबरलो. ९९३६५ टाकलं. त्याला बावीस वर्षं झाली."

खाटेच्या पायथ्याशी तक्ता होता. प्रकृती: स्थिर. खाली पानोपानी तोच शब्द, वेगवेगळ्या अक्षरांत.

"आजार थांबला नाही गं. मरणच तेवढं थांबलं. पहिल्या वर्षी तिने माझे आभार मानले." त्यांनी तिच्या ओठांना ओलं फडकं लावलं. "दुसऱ्या वर्षापासून विनवण्या करायला लागली. आता जीभ उरली नाही, तेवढं बरं आहे."

"मग तुम्ही तारीख का नाही..."

"धीर व्हायला बावीस वर्षं लागली. आज झाला. आज सही घेतली." ते तिच्या कानाशी वाकले. "आज संध्याकाळी. सांगितलंय ना तुला?"

त्या डोळ्यांत काय हललं ते मी सांगू शकत नाही. मी पडद्याबाहेर आले.

खाली पोचलो तेव्हा चारला बारा मिनिटं होती. दुरुस्तीचा तक्ता मी स्क्रीनवर उघडला. त्याने मंजुरी क्रमांक मागितला. एका मंजुरीवर एकच दुरुस्ती, आणि मंजुरी द्यायच्या मॅडम. मी मॅडमना फोन लावला, बंद. पुन्हा लावला. त्या दिवसाची मंजुरी एकच होती. काकांच्या टेबलावरच्या अर्जात, वरच्या कोपऱ्यात, शिक्क्याखाली.

मी विचारलं नाही. हे मला स्पष्ट सांगायचं आहे, कारण नंतर मी स्वतःला बऱ्याच वेळा सांगून बघितलं की विचारलं होतं. मी हात लांब करून तो अर्ज माझ्याकडे ओढला.

काका बघत होते. "किती महिन्यांची?"

"आठ."

"हं," ते म्हणाले. आणि छताकडे बघत बसले, अकरा नंबरच्या दिशेने.

मंजुरी लागली. आता तारीख. मी नव्वद वर्षं पुढची टाकणार होते; शंभर का नको? आणि तिथे माझी बोटं थांबली. वर्षाचे आकडे दोनच, पुढचं शतक त्यात मावतच नाही. पन्नास किंवा त्यापुढचं काहीही टाकलं तर माझाच प्रोग्राम त्याला एकोणीसशेमध्ये नेऊन ठेवणार, म्हणजे ती जन्माआधीच मेलेली. मी मधोमध पडतं म्हणून आखलेली रेघ. ती सरकवायची तर सगळ्या तीस लाख नोंदी पुन्हा चालवायला लागणार, चाळीस मिनिटं. माझ्याकडे नऊ होती.

माझ्या मुलीला देता येईल अशी शेवटची तारीख ४९३६५ होती.

लसीची तारीख ठरवायला मी तीन डॉक्टरांना विचारते. ही मी एकटीने टाकली. चोवीस वर्षं आणि काही महिने. चार वाजून चार मिनिटांनी स्क्रीनवर आलं, दुरुस्ती झाली. मी रिपोर्ट पुन्हा काढला. आता दोन यायला हव्या होत्या.

आजची तारीख दिलेल्या नोंदी: ३.

"काका, हे अजून तीनच..."

त्यांनी वाकून बघितलं. तिसऱ्या ओळीत दुसराच क्रमांक होता, वेळ मात्र तीच. त्यांनी टेबलावरची वाटी उचलली, झाकण नीट बसवलं. "तिला सांगून येतो," ते म्हणाले. "वाट बघत असेल."

चार वाजून नऊ मिनिटांनी मी घरी फोन लावला आणि तोंडातून शब्द न काढता धरून बसले. सासूबाई हॅलो, हॅलो म्हणत होत्या. मागे बटण खिदळत होती. दहा झाले. अकरा झाले. ती खिदळतच होती. मी टेबलावर डोकं ठेवून रडले, आणि खोटं कशाला बोलू, आनंदाने रडले.

नळीने श्वास घेतला तेव्हा साडेचार होत होते. ठप्प. चिठ्ठीत ठिकाण लिहिलं होतं, जिना, दुसरं वळण. वेळ १६:१०. शेजारी पडलेल्या वस्तू: झाकणाची वाटी, एक.

मी मशीन बंद केलं. घरघर थांबली. इतकी वर्षं त्या आवाजाखाली काय काय दबलेलं होतं ते तेव्हा ऐकू आलं. म्हणजे काहीच ऐकू आलं नाही, आणि ते जास्त वाईट होतं.

अकरा नंबरला मी नंतर एकदाच गेले. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या पाठीमागच्या दाराकडे बघत राहिली, कोणीतरी यायचं राहिलंय तशी. तक्त्यावर लिहिलं होतं, स्थिर.

इथेच संपवता आलं असतं. चोवीस वर्षं काही थोडी नसतात, असं मी मनाला समजावत होते. पण महिन्याभराने मी नव्या यंत्रणेत बटणची नोंद उघडून बघितली. फक्त खात्रीसाठी. तारीख बरोबर, वेळ बरोबर. सेकंदानंतर मात्र, जिथे मी तीस लाख नोंदींना सहा शून्यं टाकली होती तिथे, तिच्या एकटीच्या नोंदीत ०००२११ होतं.

नजरचूक असेल म्हणून पुन्हा उघडलं. ०००२१०.

पुन्हा. ०००२०९.

दिवसांचा त्याच्याशी संबंध नाही. मी चार दिवस उघडलं नाही, तर तो चार दिवस हलला नाही. मी बघितलं की एक कमी होतो. इतर कोणी बघितलं तर होत नाही. शेजारच्या टेबलावरच्या मुलीकडून उघडवून घेतलं, सात वेळा, तेवढाच राहिला. फक्त मी. शून्यावर आला की मी टाकलेल्या तारखेला काही अर्थ उरणार नाही, एवढं मला कळत होतं.

शहाण्या बाईने तिथेच थांबायचं. पण बटणला सर्दी झाली, मी बघितलं. जिन्यावरून घसरली, मी बघितलं. कधी काहीही झालं नाही, म्हणून बघितलं. शंभरावर आला तेव्हा मी स्वतःला शपथ घातली. चाळीसला पुन्हा. नवाला मी माझा पासवर्ड बदलून घेतला आणि नवा कागदावर लिहून कागद फाडला. तो मला पाठ झाला होता. मला, जिला स्वतःचा फोन नंबर पाठ नाही.

आज सकाळपासून तिला जरा कणकण आहे. दाढ येत असेल, असं सासूबाई म्हणतात. गेले अकरा दिवस मी नोंद उघडली नव्हती. तुम्हाला हे सगळं सांगता सांगता लक्ष इकडे राहील, हात गुंतलेले राहतील, असं वाटलं होतं. मागच्या वेळी बघितलं तेव्हा तिथे एक होता. तो एक कमी होण्याआधीचा की कमी झाल्यानंतरचा, हे मला काही केल्या आठवेना. आणि ते कळायचा मार्ग एकच.

आता स्क्रीनवर सहा शून्यं आहेत. ओळीत, सारखी, मी टाकली होती तशीच. प्रोग्राम बरोबर होता म्हणायचा.

चार वाजून नऊ मिनिटं झाली आहेत. फोन वाजतोय, सासूबाईंचा आहे.